हौदातली सवय

पाटणच्या वर डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावर ते केंद्र उभं राहिलं, तेव्हा त्याच्या पाटीवर 'भारहीनता प्रशिक्षण व संशोधन संस्था' असं भरभक्कम नाव होतं. एवढं नाव घेऊन घाट चढायचा म्हणजे एसटीच्या कंडक्टरला दम लागायचा. त्यानं पहिल्याच आठवड्यात "चला, हौदवाले उतरा" अशी आरोळी ठोकली आणि तेच नाव चिकटलं. आत खरोखरच एक हौद होता, चार मजली इमारत उभी बुडावी एवढा खोल. अंतराळस्थानकाच्या एका भागाचा हुबेहूब सांगाडा त्याच्या तळाशी ठेवला होता आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं दिवसभर त्याच्याभोवती माशांसारखी फिरत असत.

हौदवाला ओळखायचा कसा, हे घाटाच्या पायथ्याशी चहाची टपरी चालवणाऱ्या संपतरावांना विचारावं. गावच्या माणसाला ते काचेच्या ग्लासात चहा देत आणि हौदवाल्याला स्टीलच्या. कारण हौदवाला दोन घोट घेई, मोबाइल काढायला हात मोकळा करी आणि ग्लास आपला हवेत ठेवून देई. ग्लास अर्थातच तिथं राहत नसे. "वर जायच्या आधीच डोकं वर गेलंय ह्यांचं," म्हणत संपतराव फडकं घेऊन येत.

सारंग डुबलला मात्र ते काचेचाच ग्लास देत. सारंग मूळचा कऱ्हाडचा, चाळिशीतला, झडपा बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनियर. स्थानकावर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात एक झडप होती, ती त्यानं स्वतः आखलेली. तीन वर्षं ती वर बिनतक्रार चालत होती आणि तिच्या बनवणाऱ्यानं तिला तिथं कधी पाहिलं नव्हतं. दुरुस्तीसाठी पुढची तुकडी जाणार होती आणि तीत सारंगचं नाव जवळजवळ पक्कं होतं. ती झडप एकदा, चालू असताना, हातानं चाचपावी एवढीच त्याची इच्छा होती. एवढ्याशा इच्छेसाठी माणूस काय काय करतो ते पाहा.

जमिनीवर राहून वजन हरवायचं कसं, हा प्रश्न जुनाच. पूर्वी विमान उंच नेऊन, फेकलेल्या चेंडूच्या वाटेनं खाली आणत. आतली माणसं तरंगायची, पण जेमतेम वीस-पंचवीस सेकंद, आणि त्यातले निम्मे ओकण्यात जायचे. कुणाला डोक्याकडची बाजू उतरती केलेल्या पलंगावर आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत. त्यानं वरचे त्रास कळत, वरचं काम शिकता येत नसे. काम शिकायला हौदच बरा. पोशाखाला वजनं आणि तरंगते तुकडे लावून असं तोलायचं की माणूस बुडत नाही आणि वरही येत नाही. पण पोशाखाच्या आत तो वजनदारच राहतो. उलटा झाला की रक्त डोक्यात उतरतं आणि कान सांगत राहतात, 'बाबा रे, खाली तिकडे आहे.'

गोम या कानातच होती. कानाच्या आत चुन्याचे अगदी सूक्ष्म खडे केसांच्या मऊ थरावर बसलेले असतात. डोकं कललं की खडे सरकतात, केस वाकतात आणि मेंदूला खाली कुठे ते समजतं. अंतराळात माणूस पृथ्वीभोवती सतत पडतच असतो, त्यामुळे खडे कशावर भार टाकत नाहीत आणि निरोप बंद होतो. हौदातल्या शास्त्रज्ञांनी कानामागे चिकटवायची एक पट्टी तयार केली. तिच्यातला नाजूक विद्युतप्रवाह खड्यांचा निरोप वाटेतच पुसून टाकी. पट्टी लावून पाण्यात उतरलं की वर आणि खाली नाहीसं होई. पहिले काही दिवस उलट्यांचे जात. मग मेंदू निमूटपणे नवा धडा गिरवू लागे: सोडलेली वस्तू तिथेच राहते, ढकललेली जात राहते, आणि पडणं असं काही नसतं.

पट्टी काढून रात्रभर झोप झाली की जुनं शहाणपण परत येतं, असा संस्थेचा अनुभव होता. तरी शनिवारी घरी सोडण्याआधी एक चाचणी असे. हातात भरलेला कप देऊन डॉक्टर नसीमा इनामदार हवापाण्याच्या गप्पा मारत आणि मधेच सहीसाठी कागद पुढे करत. कप हवेत ठेवला की सुट्टी रद्द. सारंग कप टेबलावर ठेवी, सही करी आणि पुन्हा उचली. त्याच्या हातून कधी काही सुटलं नाही. पट्टी लावून काम करण्यातही तोच सगळ्यांच्या पुढे होता, याचं डॉक्टरांना मोठं कौतुक होतं.

कऱ्हाडला त्याची बायको केतकी मल्लखांबाची शाळा चालवत असे. पत्र्याचं छप्पर, मधोमध पुरलेला सागवानी खांब, भोवती गाद्या आणि हवेत एरंडेलाचा वास. दोघांचं जमलं तेही याच खांबाच्या पायथ्याशी. तेव्हा सारंग जिल्ह्यात नाव काढलेला खेळाडू होता. आता त्यांची अकरा वर्षांची जुई तिथं शिकत होती. शनिवारी बाबा आला की घरी न जाता थेट इथं यायचा, आणि आठवडाभर शिकलेलं सगळं जुई त्याला एका दमात दाखवायची.

त्या शनिवारी ती खांबाच्या वरच्या टोकाशी पायांची आढी घालून उलटी लटकली. हात सोडून दिलेले, वेणी खाली लोंबतेय.

"बाबा, बघ हं! हात न लावता!"

"बघतोय गं," सारंग म्हणाला. तो गादीच्या कडेला, हात पोचेल एवढ्या अंतरावर उभा होता. केतकी पलीकडे लहान मुलींना सूर्यनमस्कार घालायला लावत होती. बाप शेजारी उभा आहे म्हटल्यावर तिनं तिकडे पाहायचं कारणच नव्हतं.

खांबाला तेल जरा जास्त झालं होतं. जुईचा एक पाय निसटला, मग दुसरा. सारंगला सगळं स्वच्छ दिसलं. वेणी वर उडाली, खांदे वळले, पोरीचं अंग हवेत सुरेख गोलाईनं फिरलं. किती छान वळते ही, असं त्याच्या मनात आलं. आणि मग धप्प आवाज झाला.

केतकी आख्खी शाळा ओलांडून धावत आली. ती जुईजवळ गुडघे टेकून बसली तरी सारंग उभाच होता.

गळ्याजवळचं हाड चिरलं होतं. फार मोठं काही नाही, झोळी बांधली की महिन्याभरात भरून येईल, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. जुई रडली नाही. झोळी बांधून बाहेर आल्यावर बाकावर बसून तिनं बराच वेळ बाबाकडे पाहिलं.

"बाबा, तू बघत होतास ना?"

"हो, बाळा."

"मग तू हसत का होतास?"

 केतकीनं जुईला पाणी आणायला लावलं आणि ती गेल्यावर हळू आवाजात विचारलं, "तुला दिसलं नाही का रे?"

"दिसलं."

"मग हात का नाही घातलास? नवख्या पालकाचेसुद्धा हात पुढे होतात. तू तर खांबावर वाढलास."

"केतकी, मला ती पडतेय असं वाटलंच नाही."  "पोटात गोळा येतो ना, तो आलाच नाही. ती खाली आदळली तेव्हा मला आश्चर्य वाटलं."

 केतकीनं त्याचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला.

सोमवारी डॉक्टर इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या दंडाला स्नायूंची हालचाल टिपणाऱ्या तारा जोडल्या. टेबलाच्या काठावर एक रबरी चेंडू ठेवला. गप्पा मारता मारता त्यांनी कोपरानं तो ढकलला. चेंडू सारंगच्या गुडघ्याजवळून खाली गेला, उड्या मारत कपाटाखाली शिरला. पडद्यावरची रेघ सपाट होती. मग डॉक्टरांनी त्याच तारा स्वतःच्या दंडाला लावल्या आणि सारंगला चेंडू ढकलायला सांगितलं. चेंडू काठ सोडायच्या आतच त्यांच्या रेघेनं उसळी मारली.

"चूक आमची आहे," त्या सरळच म्हणाल्या. "हातातलं सुटतं का, एवढंच आम्ही दर शनिवारी तपासत आलो. पडणारं धरता का, ते कधी तपासलंच नाही."

"पण मी कप तर नीट ठेवतो."

"कप तुम्ही विचार करून ठेवता. तुमचा स्वभावच टापटिपीचा. झेलताना विचाराला वेळ नसतो. वस्तू खाली येताना तिचा वेग वाढत जातो, हे मेंदूला तान्हेपणापासून पाठ असतं. त्या हिशेबानं तो हात आधीच निघायला लावतो, भीतीही तोच वाजवतो. तुमच्या मेंदूनं तो हिशेब पुसून नवा लिहिलाय. बाकीच्यांचा रात्रीत परत येतो. तुम्ही इतकं छान शिकलात की तुमचा येत नाहीये."

"मग आता?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन वाटा आहेत. तुम्ही वर गेलात, तर तुमच्याइतकं सहज काम तिथं कुणी करणार नाही. मला खोटं बोलता येत नाही, मला तुम्हीच हवे आहात. पण सहा महिन्यांनी परत आल्यावर हे येईल का, ते मी सांगू शकत नाही. पट्टीवर शिकून गेलेले दोघे परत आलेत. एकाला सगळं परत आलं. दुसऱ्याला अजून नाही, आणि त्याला पोरंबाळं नाहीत म्हणून तो निवांत आहे. दुसरी वाट म्हणजे आत्ताच पट्टी बंद करायची आणि जमिनीवर पुन्हा शिकायला बसायचं. तसं केलंत तर बहुधा येईल. पण तुमच्या जागी दुसरं कुणीतरी जाईल. तुकडी ठरायला फार दिवस नाहीत."

पट्टी काही दिवस बंद ठेवून विचार करा, असं सांगून त्यांनी त्याला घरी पाठवलं.

केतकीचं म्हणणं सरळ होतं. "तू जा," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "पोरीला झेलायला मी आहे. सहा महिने तसाही तू इथं नसणारच. आल्यावर बघू. तुझ्या त्या झडपेबद्दल ऐकून ऐकून माझे कान किटलेत, एकदा भेटून ये तिला."

"आणि नाही आलं परत तर?"

"तर जुई मोठी होतेय की. आणखी चार वर्षांनी तिला झेलायला कोण लागणार आहे?" ती हसली, पण लाटणं थांबलं होतं. तिला तो जायला हवा होता आणि नकोही होता, आणि यातलं एकच त्याला दिसावं म्हणून बिचारी धडपडत होती.

सारंगला हे पटलं. पटण्यासारखंच होतं. त्यानं मनाशी जायचं ठरवूनही टाकलं. जुईही त्याच्याशी पूर्वीसारखीच वागत होती, म्हणजे तसं वाटत होतं. ती त्याला शाळेतल्या गमती सांगे, त्याच्या ताटातली कोशिंबीर पळवी. मग एकदा दोघं बाजारात निघाले आणि जिन्याशी आल्यावर जुईनं झोळीबाहेरचा हात पुढे केला. सारंगनं सवयीनं आपला हात दिला. जुईनं तो न घेता कठडा धरला आणि एकेक पायरी सांभाळून उतरली. तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं. खाली पोचल्यावर तिनं त्याचं बोट धरलं आणि उड्या मारत चालू लागली. पोरीनं बापासाठी एक छोटासा नियम करून घेतला होता आणि त्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. सारंगला ते फार लागलं.

दोन दिवसांनी, सकाळच्या वेळी, तो गॅलरीत पेपर वाचत बसला होता. जुई कठड्यावर पोट टेकून खालच्या मैत्रिणीशी बोलत होती. बोलता बोलता वाकली, आणखी वाकली, दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. सारंगनं पेपरावरून मान वर करून पाहिलं. उन्हात तिचे केस चमकत होते. ही किती आपल्या आईसारखी हसते, असं वाटून त्याला भरून आलं.

आतून केतकी किंचाळत आली आणि जुईला कंबरेला धरून मागे ओढलं. "सारंग!" ती एवढंच म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं आणि कळल्यावर तो घाबरला. पण ते विचार करून घाबरणं होतं, अंगानं नव्हे. पोरीबद्दलची माया जागच्या जागी होती, उलट नको तितकी उतू जात होती. मायेबरोबर एक धास्ती असते, जी माणसाला खुर्चीवरून उठवते, तीच तेवढी कुणीतरी काढून नेली होती. आणि ती नसताना आपल्याला काहीच कमी वाटत नाही, मजेत वाटतं, याची त्याला शिसारी आली. सहा महिने वर, तिथून परत येईल तो माणूसही असाच मजेत असेल. त्याला परत काही शिकावंसं तरी वाटेल का? ते दुसरे गृहस्थ निवांत आहेत असं डॉक्टर म्हणाल्याच होत्या.

त्यानं दुपारी फोन केला. "डॉक्टर, माझ्या जागी दुसऱ्याचं नाव घाला."

 "नक्की?"

"नक्की. वाईट वाटतंय. पण वाईट वाटतंय तोवरच सांगून टाकतो."

तुकडी गेली ती त्याच्याशिवाय. उड्डाण घरी टीव्हीवर पाहताना तो शेवटपर्यंत ताठ बसला आणि मग अंगणात जाऊन सायकलची साखळी विनाकारण काढून पुन्हा बसवत राहिला. केतकीनं त्याला हाक मारली नाही. त्याच्या जागी गेलेल्या मुलीनं वरून झडपेचा फोटो पाठवला. झडप ठणठणीत होती. सारंगनं उत्तर लिहिलं, शाबास, आणि फोन उपडा ठेवला.

जमिनीवर पुन्हा शिकायचं कसं, याचं डॉक्टरांचं उत्तर सोपं होतं. पडायचं. खडे आणि डोळे दोघांनी मिळून 'पडलो' असा निरोप पुन्हा पुन्हा दिला, तरच मेंदू जुना हिशेब मांडायला घेईल. मऊ जागेवर, कुणाच्या तरी देखरेखीखाली.

"मऊ जागा आहे," केतकी म्हणाली.

मल्लखांबात पहिला धडा पडण्याचाच असतो. चड्डी-बनियन घालून सारंग सात-आठ वर्षांच्या नवशिक्या पोरींच्या रांगेत उभा राहिला. पोरी फिदीफिदी हसल्या. जुई झोळीतून मोकळी झाली होती, पण तिला अजून खांबावर चढू देत नव्हते, म्हणून बाबाला शिकवायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आणि त्यात दयामाया दाखवली नाही.

"गुडघे वाकव. हनुवटी छातीला लाव. बाबा, गोणीसारखा काय पडतोस? परत."

तो परत चढे, हात सोडी, गादीवर आदळे. हाडं दुखत, पोटात मात्र काही हलत नसे. पावसाळा संपला, दिवाळी आली आणि गेली. दंडाच्या तारांवरची रेघ कधी जराशी थरथरे, कधी सपाट. तो चिडू लागला. एकदा तर त्यानं केतकीला सुनावलं, की झडप तर गेलीच, हेही जाणार, मी कुठलाच राहणार नाही. केतकीनं शांतपणे खांबाला तेल चोळलं आणि म्हणाली, "बोलून झालं असेल तर चढ."

थंडीतली एक संध्याकाळ होती. शाळा भरात होती. सारंग खांबाच्या वरच्या बोंडापर्यंत गेला, तरुणपणी हज्जार वेळा गेला होता तसा, आणि वर उभा राहिला. खाली पाहिलं. गादी होती, गादीवर खडूची रेघ होती. तो उडी टाकणार एवढ्यात जुई धावत आली आणि बरोबर त्याच्या खाली येऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर पसरले.

"बाबा, सोड! आज मी झेलते!"

थट्टाच होती ती. नवशिक्या पोरी हसल्याही. पण वर उभ्या असलेल्या सारंगला ती गादी एकदम खूप खाली गेल्यासारखी दिसली. जुईच्या बारक्या खांद्याजवळचं, एकदा चिरलेलं हाड दिसलं, आपलं सगळं वजन दिसलं. पोटात खड्डा पडला. तळव्यांना घाम फुटला, आणि त्यानं खाली बसून खांबाला दोन्ही हातापायांनी घट्ट मिठी मारली.

"जुई! बाजूला हो! हो आधी बाजूला, कार्टे, लागेल तुला!"

हा आवाज कुणी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. सूर्यनमस्कार थांबले. केतकी आहे तिथंच थबकली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. वर जिल्ह्याचा जुना विजेता खांबाला चिकटून थरथरत होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"केतकी," तो ओरडला, "अगं, मला भीती वाटतेय! शिडी आण!"

जुई दोन पावलं मागे सरकली. मग विचार करून आणखी दोन.